टँकरच्या दिवशीची गाडी

लक्ष्मणदादाची गाडी बंद पडली तेव्हा मला आधी बरंच वाटलं होतं. आखातातली नोकरी संपवून येताना माझ्या या भावानं ती जपानी गाडी जहाजानं आणली होती. तिच्या इंजिनात पिस्टन नाही, एक तिकोनी तुकडा गरगर फिरतो आणि त्याच्या टोकांना लोखंडी पट्ट्या असतात, त्यांना सील म्हणतात. ही माहिती दादानं ऐकवली नाही असं घर गारखेड्यात सापडणार नाही. पेट्रोल तर ती म्हशीनं पाणी प्यावं तशी पिते.

पण माझा आनंद चार दिवसही टिकला नाही. वहिनी गेल्यापासून संध्याकाळी गाडी काढून शेंद्र्यापर्यंत जायचं, जिथं ज्वारी होती तिथं आज कोणती कंपनी उभी राहिली ते बघायचं आणि परतायचं, एवढंच दादाचं बाहेर पडणं उरलं होतं. गाडी थांबली तसा तोही थांबला. वरच्या मजल्यावरून खाली येईना, दाढी करेना. जेवणाचं ताट मी वर न्यायची आणि निम्मं परत आणायची. मला भीती वाटली की राग येतो, त्यामुळे त्या दिवसांत घरात सगळ्यांनी माझी बोलणी खाल्ली.

जालना रोडवरच्या गॅरेजवाल्यानं तपासून सांगितलं, कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, राहिलं नाही, सील गेले. मग शोधाशोध सुरू झाली. पुण्यात कुणाला ते इंजिनच माहीत नव्हतं. मुंबईचा एकजण बघतो म्हणाला आणि पुन्हा फोन उचलला नाही. कंपनीनं त्या मॉडेलचे सील कधीच बंद केले होते. बाहेरदेशी मिळत होते, पण कस्टम धरून त्यांची किंमत गाडीच्या किमतीच्या वर जात होती.

"अशू, भंगारवाल्याला सांग," दादा एक दिवस म्हणाला. "रविवारी घेऊन जाऊ दे."

भाजी आण म्हणावं इतक्या शांतपणे म्हणाला. मी खाली येऊन स्वयंपाकघरात रडले. गाडी गेली तर हा माणूस पुन्हा जिना उतरणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

दादाच्या एका जुन्या मित्राकडून शारजाच्या दुकानदाराचा नंबर मिळवला. एक एफडी मोडायची मी ठरवून टाकली होती, नवऱ्याला मागाहून सांगितलं असतं. शनिवारी फोन स्पीकरवर लावला. दादा आणि माझा नवरा हिमांशू, दोघंही शेजारी बसले होते. दुकानदारानं हिंदीत सीलची किंमत सांगितली आणि मी मनात एफडीचा हिशोब पुन्हा केला. पैसे घेण्याआधी मात्र त्यानं विचारलं, गाडी रस्त्यात बंद पडली की उभ्या जागी? उभ्या जागी, दादा म्हणाला. मग थंड इंजिन चालू करून, गाडी थोडी सरकवून कुणी लगेच बंद करत होतं का?

"माझ्या गाडीला असं कुणी करणार नाही," दादा म्हणाला.

हिमांशूनं चहाचा कप खाली ठेवला. "दादा, टँकर आला की मी करतो."

दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. शहर चहूबाजूंनी वाढत होतं आणि नळाला पाणी नव्हतं. आठवड्यातून दोनदा, गुरुवारी आणि रविवारी, टँकर गल्लीत यायचा आणि दादाची गाडी हलवल्याशिवाय त्याला आत शिरता यायचं नाही. दुपारी दादा कानातलं मशीन काढून झोपलेला असायचा. म्हणून हिमांशू दुसऱ्या किल्लीनं गाडी लिंबाच्या झाडापर्यंत मागं घ्यायचा, आणि पेट्रोल वाचावं म्हणून तत्परतेनं बंद करायचा. सारी गल्ली त्याचं कौतुक करायची. गाडी बंद पडल्यापासून तीच गल्ली ती ढकलून बाजूला करत होती.

दुकानदार हसत सुटला. सील शाबूत असणार, म्हणाला. आत न जळलेलं पेट्रोल साचून तेल धुऊन गेलंय, म्हणून दाब धरत नाही. प्लग काढा, सुकू द्या, आत थोडं तेल सोडा, आणि धुराला घाबरू नका. नाहीच चालू झाली तर मग पैसे पाठवा.

दादानं हिमांशूकडे बघितलं. पण पडला घरचा जावई, त्याला कसं बोलणार? मग तो माझ्यावर ओरडला. "अशू, तुला तरी कळत नव्हतं का गं?" कित्येक दिवसांनी त्याचा आवाज चढला होता. मी त्याची बोलणी खाल्ली आणि मला फार फार बरं वाटलं.

रविवारी सकाळी दादा आपल्या पायांनी जिना उतरून खाली आला. दोघांनी प्लग काढले, तेल सोडलं, बॅटरी चार्ज करून आणेपर्यंत दुपार झाली. इंजिन बराच वेळ नुसतं कण्हत राहिलं. मग गल्लीभर पांढरा धूर झाला, आग लागली का म्हणून शेजारच्या भागूबाई धावत आल्या, आणि त्या धुरात गाडीचा आवाज लागला. मी सगळ्यांदेखत रडले. भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. "गाडी काढा जी," टँकरवाला पुंडलिक ओरडला. "अजून लई गल्ल्या राह्यल्यात."

हिमांशूचा हात सवयीनं किल्लीकडे गेला. दादानं तो धरला.

"हिमांशूराव, आता ही तापल्याशिवाय बंद करायची नाही. बसा. अशू, तूपण बस."

पाणी कोण भरणार, मी विचारलं. भागूबाईंनी आमचा पाइप हातात घेतला आणि मला जा म्हणून खुणावलं. आम्ही शेंद्र्यापर्यंत जाऊन आलो.

तेव्हापासून टँकरच्या दिवशी दादा दाढी करून, किल्ली घेऊन पायरीवर बसायला लागला; टँकर आला की आम्ही शेंद्र्यापर्यंत फेरी मारून यायचो. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि टँकर बंद झाले. सगळी गल्ली खुशीत होती, मला मात्र वाटलं, दादा आता पुन्हा वरच बसून राहणार. टँकर बंद झाल्यावरच्या पहिल्या गुरुवारी दुपारभर माझं लक्ष जिन्याकडे होतं.

चार वाजता दादा खाली आला. दाढी केलेली होती, हातात किल्ली होती.

"टँकर नाही आला म्हणून काय झालं?" तो म्हणाला. "चल, बस."