मेलेला मासा आणि माझी दाढ

मासा मेला तेव्हा मेहुण्याच्या दिवाणखान्यात छत्तीस माणसं होती आणि खुर्च्या चौदा. उरलेली माणसं भिंतीला, दाराला आणि एकमेकांना टेकून उभी होती. मेहुण्याला स्वतःच्याच घरात खुर्ची मिळाली नव्हती. मिळाली असती तरी तो बसला नसता.

मधल्या टेबलावर काचेच्या दोन बरण्या होत्या. एका बरणीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला बोटाएवढा मासा मजेत फिरत होता. जलबाबांनी आधी पितळी वाडग्यातल्या दुधाळ पाण्यात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले. मग ते ओले हात बरणीत घालून माशाला तळव्यावर अलगद तोललं आणि डोळे मिटले. मासा दोनदा गरगरला, कलंडला आणि तळाशी आडवा पडला.

"गेला!" आमच्या इमारतीचे चिटणीस पुटपुटले.

"मी काहीच केलं नाही," जलबाबा म्हणाले. निळ्या कपड्यांमुळे ते डोक्यापासून पायापर्यंत निळे होते आणि बोलताना हाताच्या लाटा करत. "या घराच्या पाण्याला मरण चिकटलंय. माशानं ते फक्त दाखवलं."

तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी हातातला पाण्याचा पेला हळूच खाली ठेवला.

जलबाबांनी निळी बाटली उघडली आणि दुसरी बरणी भरली. "हे जागृत पाणी. पाण्याला आठवण असते, मंडळी! या पाण्याला सात समुद्र आठवतात. यात क्वांटम आहे."

"क्वांटम म्हणजे काय?" मी विचारलं.

"विचारलं की ते निघून जातं," जलबाबा म्हणाले.

लोकांचं क्वांटम माझ्यामुळे जायला नको.

त्यांनी मासा जाळीनं उचलून दुसऱ्या बरणीत सोडला आणि नाकातून लांब हुंकार सुरू केला. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग माशाचे कल्ले हलले. शेपटी थरथरली. मासा तिरका झाला, सरळ झाला आणि काही घडलंच नाही अशा थाटात बरणीला फेरी मारू लागला. छत्तीस माणसांनी एकदम श्वास सोडला. चिटणिसांच्या डोळ्यांत पाणी आलं. जागृत की साधं, ते कळलं नाही.

आणि नेमकी त्याच वेळी माझी उजवीकडची खालची दाढ ठणकली. "आई गं!" मी म्हणालो.

"पाहिलंत? काकांनाही लहर लागली!" चिटणीस ओरडले. माझ्या दाढेचा चमत्कारात असा समावेश झाला.

आता हे सगळं आमच्या घरच्या माणसाकडे का घडलं, ते सांगायला हवं.

माझा मेहुणा जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आला. बटण एकदा दाबलं काय नि वीसदा दाबलं काय, लिफ्ट आपल्याच वेगानं येते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी तो स्वतः बटण तीनदा दाबतो. निवृत्तीनंतर चार महिन्यांत त्याला हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, मीठ तोडलं आणि वर म्हणाले, "जिवाला स्वस्थ करणारं काहीतरी पाळा. मासे बघत बसा."

डॉक्टरांच्या मनात एखादं काचेचं भांडं असावं. मेहुण्यानं सहा फूट लांबीची टाकी आणली. आठशे लिटर पाणी, खाऱ्या पाण्यातले मासे आणि पुढेमागे प्रवाळ, म्हणजे घरात समुद्राचा तुकडाच. भरल्यावर वजन जवळजवळ एक टन होणार म्हणून इंजिनियर बोलावून जमीन तपासून घेतली. पाणी शुद्ध करणारं यंत्र थेंब थेंब पाणी देई आणि हा बादलीशेजारी उकिडवा बसून त्या थेंबांवर डोळे वटारी. मापानं मीठ विरघळवलं, पाणी कोमट ठेवणारी कांडी लावली, लाटा उठवणारे पंप बसवले. दगडांच्या गुहा रचल्या, मोडल्या आणि पुन्हा रचल्या, अकरा वेळा. जिवाला स्वस्थ करण्याच्या नादात त्याची झोप गेली.

मग मासे आणायला तो दुकानात गेला. मासेवाला म्हातारा आणि सावकाश माणूस. म्हणाला, "आता सहा आठवडे काही सोडू नका. चिमूटभर खाद्य टाकून कुजू द्या."

"टाकी रिकामी ठेवू?"

"दिसायला रिकामी. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो त्यांनाच मारतो. तो खाणारे बारीक जंतू आधी टाकीत वस्तीला यायला हवेत. ते सावकाश वाढतात."

"आणि सहा आठवड्यांचं काम लवकर उरकायचं असेल तर?"

"तर सहा आठवडे लागतील," म्हातारा म्हणाला.

मेहुणा घरी येऊन रिकाम्या टाकीसमोर येरझाऱ्या घालू लागला. आतले पंप घरघरत होते, बाहेर हा. आठ दिवसांत त्यानं वहिनींना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, एवढं भंडावलं की त्या म्हणाल्या, "मासे येईपर्यंत मीच आत जाऊन बसते. निदान तुमच्याकडे पाठ तरी करता येईल."

नवव्या दिवशी चिटणिसांनी जलबाबांना आणलं. सहा आठवड्यांचं काम एका सकाळी! पुढचं तुम्ही पाहिलंच. त्याच दिवशी जलबाबांनी टाकीत दोन निळ्या बाटल्या ओतल्या, आपले दोन मासे सोडले आणि टाकी जागृत झाल्याचं जाहीर केलं.

चौथ्या दिवशी दोन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. मेहुण्यानं जलबाबांना फोन लावला.

"मासे तुमचं दुखणं ओढून घेतायत," तिकडून उत्तर आलं. "तुमच्या अंगात औषधांचा गाळ साचलाय. गोळ्या बंद. जागृत पाणी सकाळी अर्धा पेला, संध्याकाळी अर्धा पेला. एकवीस दिवस."

हे आम्हाला कळलं आणखी पाच दिवसांनी, वहिनी गोळ्यांचं पाकीट घेऊन धापा टाकत आमच्याकडे आल्या तेव्हा.

"भावजी, एकही गोळी घेतलेली नाही! बोटातली अंगठी निघत नाही, पाय जोड्यात शिरत नाहीत. आणि ते पाणी मी चाखलं. नुसतं मीठ आहे हो, मीठ! मी यांच्या वरणातलं चिमूटभर मीठ काढून टाकते आणि हे पेल्यानं पितायत."

भाचीला, म्हणजे मेहुण्याच्या मुलीला, फोन करून मी वहिनींबरोबर निघालो. ती दातांची डॉक्टर आहे. दवाखाना अर्धा टाकून आली आणि आल्या आल्या बापाच्या दंडाला पट्टा गुंडाळला. वरचा आकडा एकशे नव्वद.

"बाबा, आत्ता गोळी घ्या."

"तू दातांची आहेस. हे हृदयाचं आहे."

तिनं हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावून बापाच्या कानाशी धरला. त्यांनी गोळी घ्या म्हणून बजावलं, सकाळी तपासायला घेऊन या म्हणून सांगितलं. मेहुण्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फोन परत दिला.

"यांनी कधी मेलेला मासा उठवलाय का?" तो म्हणाला.

भाची स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. मीही मागोमाग गेलो. ती नखं कुरतडत राहिली. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "तुमची दाढ कशी आहे, काका?"

"एरवी बरी असते. तुझ्या दवाखान्यात शिरलो की दुखते आणि तो निळा माणूस जवळ आला की दुखते."

"त्याच्याजवळ का दुखावी?"

"लहर लागते म्हणे. त्या वाडग्यात हात घालून माझ्या शेजारी आला की त्याच्या अत्तराखालून कसला तरी वास येतो. नाव आठवत नाही. जबडा मात्र ओळखतो."

भाचीनं नखं कुरतडणं थांबवलं. "दुधाळ पाणी होतं ना वाडग्यात?" तिनं मासेवाल्याला फोन लावला, दोन मिनिटं बोलली आणि सरळ दिवाणखान्यात गेली.

"बाबा, मी मासा मारून उठवला तर?"

"तू?"

"मी. उद्या सकाळी जलबाबांची सभा इथंच आहे ना? त्यांच्यासमोर."

मेहुण्यानं तिच्याकडे टक लावून पाहिलं. "तर गोळी तुझ्या हातून घेईन."

त्या रात्री कुणाला झोप लागली असेल तर ती फक्त मेहुण्याला.

सकाळी खुर्च्या पंचवीस आणि माणसं साठ. निम्म्या लोकांनी निळ्या बाटल्या सांगून ठेवल्या होत्या. कुणाला गुडघ्यासाठी, कुणाला मुलाच्या परीक्षेसाठी. मासेवाला दोन मासे आणि आपल्या टाकीतल्या पाण्याची बादली घेऊन कोपऱ्यात उभा होता. जलबाबांनी वाडगा मांडला, बाटली मांडली आणि दुधाळ पाण्यात हात घालायला वाकले.

"एक मिनिट," भाची म्हणाली. "आज वाडगा नको. साबणानं हात धुवा आणि मग माशाला हात लावा."

"साबणानं लहरी तुटतात, बाळ."

"बाबा," भाची मेहुण्याकडे वळली, "सात समुद्रांची शक्ती वडीभर साबणानं तुटते का?"

मेहुणा येरझाऱ्या घालता घालता थांबला. वहिनी साबण, पाणी आणि रुमाल घेऊन हजर होत्या. "हं, कोपरापर्यंत," त्या म्हणाल्या, नातवाला सांगावं तसं.

साठ माणसांसमोर नाही म्हणणं कठीण. जलबाबांनी हात धुतले, बरणीत घातले आणि मासा तळव्यावर घेतला. मासा फिरत राहिला. त्यांनी डोळे मिटले. मासा फिरत राहिला. त्यांनी हुंकार दिला, तेव्हा माशानं त्यांच्या अंगठ्याला टोचून पाहिलं.

मागून कुणीतरी हसलं.

"आज मासा मरायला तयार नाही," मी म्हणालो. "क्वांटम निघून गेलं वाटतं."

मग भाचीनं वाडगा ओढला, त्यात स्वतःचा हात बुडवला आणि ओला हात बरणीत घालून हळूहळू फिरवला. थोड्या वेळानं मासा कलंडला आणि तळाशी आडवा झाला. मेहुण्याचा चेहरा पांढरा पडला होता. भाचीनं मासा जाळीनं उचलला आणि मासेवाल्याच्या बादलीत सोडला. हुंकार नाही, डोळे मिटणं नाही. ती घड्याळाकडे बघत उभी राहिली. तिसऱ्या मिनिटाला मासा बादलीत फेऱ्या मारत होता.

"काका, इकडे या," तिनं तोच हात माझ्या नाकासमोर धरला. "दाढ?"

"ठणकतेय," मी म्हणालो.

"लवंगेचं तेल," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझ्या दवाखान्यात रोज लागतं, म्हणून यांचा जबडा त्या वासाला घाबरतो. कोमट पाण्यात घुसळलं की पाणी दुधाळ होतं. माशाला त्यानं गुंगी येते. चांगल्या पाण्यात सोडलं की उतरते. मासा मेला नव्हता आणि मेल्यावर उठलाही नाही. झोपला आणि जागा झाला."

"जखमी माशाला औषध लावताना आम्ही असंच झोपवतो," मासेवाला म्हणाला. "प्रमाण चुकलं तर मात्र उठत नाही." मग त्यानं मेहुण्याच्या टाकीतलं थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि त्यात तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकले. पाणी गडद हिरवं झालं. "अमोनिया. तुमचे मासे दुखणं ओढत नाहीयेत, साहेब. गुदमरतायत. मी दोघांना घेऊन जातो. सहा आठवड्यांनी न्या."

जलबाबा बाटल्या आवरत म्हणाले, "जिथं अविश्वास असतो तिथं माझं पाणी..."

"वाडगा ठेवून जा," वहिनी म्हणाल्या. "भावजींच्या दाढेला उपयोगी पडेल."

जलबाबा लिफ्टसाठी न थांबता जिन्यानं गेले. त्यांच्यामागोमाग चिटणीसही, बाटल्यांसाठी नावं लिहिलेली वही पाठीमागे लपवत.

मेहुणा टाकीसमोर उभा होता. "मला वाटलं होतं..." तो म्हणाला आणि थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, "झटका आला तेव्हा मी जमिनीवर तसाच आडवा पडलो होतो. त्या माशासारखा."

भाचीच्या डोळ्यांत आता पाणी आलं. तिनं गोळी पुढे केली. "बाबा, लिफ्टचं बटण तीनदा दाबलं की लिफ्ट लवकर येते?"

"नाही."

"मग?"

त्यानं गोळी घेतली. साध्या पाण्याबरोबर.

त्यानंतर सहा आठवडे त्यानं रोज टाकीतलं पाणी तपासून वहीत लिहिलं. हिरवं, कमी हिरवं, पोपटी आणि एका सकाळी पिवळं, म्हणजे अमोनिया शून्य. वाळूवर तपकिरी शेवाळ आलं, गेलं. रक्तदाबही त्याच वहीत शेजारी लिहून ठेवे. दोन्ही आकडे बरोबरीनं खाली आले, यात चमत्कार नव्हता. एकीकडे जंतू आपलं काम करत होते, दुसरीकडे गोळ्या. मासे घरी आले त्या दिवशी आम्ही दोघं खाली लिफ्टसमोर उभे होतो, त्याच्या हातात माशांची पिशवी. त्यानं बटण एकदा दाबलं. बोट पुन्हा वर गेलं, हवेत थबकलं आणि खिशात गेलं.

कुणी तुमच्यापुढे मेलेलं उठवलं तर जरूर बघा. टाळ्या वाजवण्याआधी मात्र त्याला साबणानं हात धुवायला सांगा आणि तेच पुन्हा करायला लावा. खरं असेल तर साबणानं जाणार नाही. आणि तो कितीही निळा असला तरी त्याच्या सांगण्यावरून डॉक्टरांची गोळी सोडू नका. मासा उठला, कारण तो मेलाच नव्हता. माणसाच्या बाबतीत एवढी सोय नाही.