अनिताचं हत्यार

"परत तेच! कार्ड सापडत नाय म्हणतंय," अनिता माउस आपटत म्हणाली.

कल्याणच्या ऑफिसातून नुकताच घरी आलेला ओमकार दाराशी बूट काढत होता. समस्त नवऱ्यांना ठाऊक असलेला एकमेव उपाय त्याने सुचवला. "फॉरमॅट मार ना."

"सकाळीच मारला. सगळं परत टाकलं. आता तुला मारायचं तेवढं राहिलंय."

ओमकार हसत हातपाय धुवायला गेला. अनिता मात्र टेबलावरच्या केबलकडे रागाने बघत बसली. केबलवरचा बारीक दिवा नारंगी होता. तो हिरवा व्हायला हवा होता.

अनिता मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात नोकरीला होती. तांदळातला काळा दाणा ओळखून बाजूला उडवणारी भातगिरणीची यंत्रं तिथे बनत. त्या यंत्राचा मेंदू म्हणजे एक कार्ड, आणि कार्डावर एफपीजीए नावाची चिप. ही चिप येते तेव्हा कोरी असते. तिच्यात कसलं सर्किट हवं ते संगणकावर लिहायचं आणि केबलमधून तिच्यात उतरवायचं. डिप्लोमा झाल्यापासून अनिता हेच करत होती आणि तिला ते मनापासून आवडायचं. मग बाळीचा जन्म झाला, आणि सासरच्या शेणवे गावाहून मुरबाडला रोज येणं-जाणं जमेनासं झालं.

मालक शेखरसर माणूस बरा होता. त्यांनी एक कार्ड, केबल आणि सॉफ्टवेअरच्या डीव्हीडी तिच्या हाती दिल्या. "घरून जमतंय का बघ. सोमवारी मी स्वतः येतो, माझ्यासमोर चालवून दाखव. नाही चाललं तर मला दुसरं माणूस शोधावं लागेल, त्याचा राग धरू नकोस."

राग कसला धरणार? पण सोमवारी जमलं नाही तर मंगळवारी काय होणार, हे तिला माहीत होतं. भात कापणीला आलं होतं. घरी बसलेली बाई म्हणजे रिकामी बाई, हा गावाचा रोकडा न्याय. विळ्याची तिला लाज नव्हती, लहानपणापासून हातात होता. पण शिकून मिळवलेलं काम एकदा सुटलं की परत हाती लागत नाही.

कारखान्याच्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स, म्हणून घरीही लिनक्स. हे फुकट मिळतं खरं, पण व्याह्यासारखं मानपान करून घेतं. सॉफ्टवेअर अर्धं टाकून झालं की वीज जायची. ते झालं तर केबल चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, रुसायचा. तो समजावला तर केबल फक्त रूटचं, म्हणजे संगणकाच्या कारभाऱ्याचंच ऐकायची. इतरांनीही तिला हात लावला तर चालेल, असा नियम एका फाइलमध्ये लिहावा लागला. तो लिहिला आणि दिवा हिरवा झाला. नारंगी म्हणजे संगणकाला केबल दिसली, हिरवा म्हणजे केबलला पलीकडचं कार्ड भेटलं. अनिता इतकी खूश झाली की खंडेनवमीला सकाळीच केबल काढून ठेवून बाळीला घेऊन मुरबाडला गेली. कारखान्यातून नवीन फाइल घेतली, माहेरी राहिली आणि दसऱ्याच्या संध्याकाळी परतली.

तेव्हापासून दिवा नारंगी.

जायच्या आधी तिने शेवटचा बदल केला होता तो त्या नियमात, म्हणून सगळा संशय त्या बिचाऱ्या नियमावर. तो पुसला, परत लिहिला, शेवटी सगळं लिनक्सच नव्याने टाकलं. दिवा ढिम्म. रविवारी दुपारी तिला दुसरीच भीती वाटायला लागली. गावातलं व्होल्टेज कधी मिणमिणतं, कधी एकदम भडकतं. कार्डावरचा पॉवरचा दिवा लागत होता, पण तेवढ्याने चिप जिवंत आहे असं ठरत नाही.

जळाल्याची खूण दिसते का, म्हणून तिने केबल काढली आणि कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. जळालं काहीच नव्हतं. एका कोपऱ्यात मात्र कुंकवाचं बोट उमटलं होतं. आणि केबल जिथे बसते त्या खाचेत, पिनांच्या मधोमध, एक लालभडक अक्षता अडकली होती. त्यामुळे प्लग एका बाजूने उचललेला राहत होता. काळा दाणा ओळखून उडवणाऱ्या कार्डाने लाल दाण्यापुढे हात टेकले होते.

सासू, काशी, मागल्या दारी विळ्याला दगडावर धार लावत होती.

"आई, माझ्या कार्डाला कुंकू कोणी लावलं?"

"मीच. खंडेनवमीला." काशीचा हात थांबला. "नांगर पुजला, विळं, कोयतं पुजलं, ओमकारचा गाडीचा पाना पुजला. तू घरात नव्हतीस. मंग तुजं हत्यार तेवढं तसंच ठिवायचं? बरं दिसलं असतं का ते?" मग एकदम घाबरून तिने विचारलं, "काय बिघडलं का गो?"

अनिताला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. सासूच्या लेखी तो संगणकाचा डबा म्हणजे सुनेचं खेळणं, असं ती इतके दिवस धरून चालली होती. तसं काशी कधी बोलली नव्हती, अनितानेच मनाशी ठरवलं होतं.

"नाय बिघडलं. दाणा अडकलाय नुसता. तुमची गोधडीची सुई द्या."

कार्डाची वीज बंद करून तिने सुईने दाणा अलगद उचकटला, कुंकू कोरड्या ब्रशने झाडलं आणि प्लग दाबून बसवला. वीज सुरू केली. दिवा हिरवा झाला.

"आता?" काशीने कुजबुजत विचारलं. मोठ्याने बोललं तर विझेल असं तिला वाटलं असावं.

"आता वळखलं. पुढल्या वर्षी पूजा करा, पन अक्षता लांबून टाका."

सोमवारी शेखरसर आले. चहा पिता पिता त्यांनी सर्किट कार्डात उतरताना पाहिलं, कार्डावरचे दिवे एकामागून एक पळायला लागलेले पाहिले. "काही अडचण आली?" त्यांनी विचारलं.

"एक कनेक्टर नीट बसत नव्हता, सर. बाकी काही नाही."

जाताना ते कार्डांची पेटीच ठेवून गेले. त्या रात्री अनिताला छान झोप लागली.

मंगळवारी सकाळी शेजारची धोंडीबाई विळा घेऊन अंगणात आली. "काशे, सुनेला घे गो कापणीला. घरीच तर हाय ती."

काशी बाळीला कडेवर घेऊन दारात उभी होती. "घरी नाय ती. कामावर हाय."

धोंडीबाईने काशीच्या खांद्यावरून आत पाहिलं. संगणकापुढे बसलेली अनिता तिला समोरच दिसत होती. ती काही बोलणार, तोच काशीने दार हलकेच ओढून घेतलं.

"दुपारच्याला सुटली का बोल तिच्याशी," काशी म्हणाली, आणि बाळीला तशीच कडेवर घेऊन, आपला विळा उचलून शेताच्या वाटेला लागली.