मरळीची जोडी
सिझेरियनला दीड महिना झाला तरी माझे टाके नीट भरत नव्हते. बाळाला उचलताना घाम फुटायचा. सासूबाईंनी फर्मान काढलं, "हिला मरळ माशाचा रस्सा पाजा, जखम भरते त्याने." म्हणून रविवारी सकाळी माझा नवरा नबील लोणी काळभोरजवळच्या तळ्यावर निघाला. बाळाला घेऊन मीही गेले.

"जुलैत मरळ भुकेपोटी गळाला येत नाही," नबील पाण्यावर नजर ठेवून म्हणाला. "तिची पिल्लं शोधायची. त्यांच्याजवळ काही गेलं की ती अंगावर येते."

काठाजवळ लाल पिल्लांचा पुंजका तरंगत होता. त्याने गळ लावलेला रबरी बेडूक बरोबर त्यात फेकला. मरळ त्यावर तुटून पडली आणि गळाला लागली. जेमतेम वीतभर होती.

"बास, चला," मी म्हणाले. "तुमचे अब्बा सांगतात ना, जोडीतली एक पिल्लांच्या राखणीला ठेवायची."

"अब्बांना टाके पडले नव्हते. एवढीशीने काय होणार, दाढ तरी ओली होईल का?"

त्याने पुन्हा बेडूक फेकला. या वेळी मी अडवलं नाही. मला बरं व्हायचं होतं. दुसरी मरळ पहिलीपेक्षा जोरात धावून आली आणि गळाला लागली.

नबील दोर गुंडाळत होता तेवढ्यात चिलापी मासे काठाशी पिल्लांवर आले. पाण्यावरचा लाल ठिपका लहान होत गेला.

"बघू नकोस," नबील म्हणाला.

मी बघत राहिले, पार काही उरलं नाही तोवर.

दुपारी रस्सा वाढून सासूबाईंनी विचारलं, "मीठ बरोबर आहे ना गं?"

"आहे," मी म्हणाले आणि अख्खा वाडगा संपवला.