नोंद वेगळी

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तिनं नवऱ्याच्या लॅपटॉपची केबल आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि पडद्यावरच्या 'एकत्र करा' या बटणावर क्लिक केलं. लॅपटॉप नवऱ्याच्या कंपनीचा होता. आज पाचच्या आत तो ऑफिसात जमा करायचा होता, आणि एकदा जमा झाला की त्यातलं सगळं पुसलं जाणार होतं.

"किती वेळ लागेल?" नवऱ्यानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"दोन्हीकडची मिळून बारा हजार गाणी आहेत. दोन तास तरी."

"मग सव्वाचारला निघतो. लिफ्टमध्ये अडकलो नाही तर पोचेन."

तो लिफ्टची तपासणी करायचा. हा विनोद त्यांच्या घरात पंधरा वर्षं चालत आला होता. खरं तर तेरा, कारण मधली दोन वर्षं तो या घरात नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा भांडण असं झालंच नव्हतं. ती शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. दिवसभर डोळ्यांत तेल घालून ऱ्हस्व-दीर्घ बघायचे आणि संध्याकाळी घरी येऊन तेच डोळे घरावर फिरवायचे, असा तिचा क्रम होता. टॉवेलची घडी, बरणीचं झाकण, त्यानं फोनवर वापरलेला एखादा शब्द. "तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे रोज वही तपासून घ्यायची," एवढंच तो जाताना म्हणाला होता. तेव्हा कॉम्प्युटरवरची सगळी गाणी त्यानं एका डिस्कवर उतरवून नेली होती. गेल्या आठवड्यात, सोमवारी दुपारी, तो दोन बॅगा घेऊन परत आला. कुणाचं काय चुकलं याचा हिशेब दोघांनीही मांडला नाही. एकच अट ठरली, चुका काढायच्या नाहीत. त्याला आज नऊ दिवस झाले होते, आणि नऊ दिवसांत तिनं जीभ किती वेळा चावली ते तिचं तिलाच माहीत.

गाणी एकत्र करायची कल्पना त्याचीच. "भांडी नंतर लावू, कपडे नंतर लावू. गाणी आधी," तो म्हणाला होता.

तीन वाजता प्रोग्रॅमनं यादी दाखवायला सुरुवात केली. दोन्हीकडे असलेली गाणी पाच हजारांवर. फक्त तिच्याकडची. फक्त त्याच्याकडची. हे सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. त्याच्याखाली चौथी ओळ आली: 'गाणं तेच, नोंद वेगळी – ४१२.'

तिनं ती ओळ उघडली.

गाण्यांना नोंदी लावायची सवय त्याची होती. गायक, वर्ष यांच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. गाणं कधी ऐकायचं ते तो लिहून ठेवायचा. पडद्यावर आता दोन रकाने होते. डावीकडे तिच्या कॉम्प्युटरवरच्या नोंदी: सकाळि सकाळि. गाडित. नविन. जुनि पण चालेल. रडु येतं. कंटाळा आलाकी. सगळ्या त्याच्या, त्याच्या शुद्धलेखनासकट. तो गेल्यावर तिनं दोन वर्षांत त्यातल्या एकाही अक्षराला हात लावला नव्हता. का लावला नव्हता हे तिला कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर द्यायची वेळही आली नव्हती.

उजवीकडे त्याच्या लॅपटॉपवरच्या नोंदी होत्या. सकाळी सकाळी. गाडीत. नवीन. जुनी पण चालेल. रडू येतं. कंटाळा आला की.

तिनं खुर्ची पुढे ओढली.

पहिल्या पन्नास नोंदी तिनं कामावर वाचते तशा वाचल्या, पेन्सिलीचं टोक पडद्यापासून दोन बोटांवर धरून. एक चूक सापडली नाही. पुढच्या पन्नासांतही नाही. 'आलाकी' तोडून 'आला की' करणं सोपं असतं, पण 'परिक्षेच्या दिवसातली' याचं 'परीक्षेच्या दिवसांतली' करताना अनुस्वारही दिला होता. शब्द एकही बदलला नव्हता. जिथे त्यानं गमतीनं काही लिहिलं होतं तिथे गंमत जशीच्या तशी राहिली होती. फार थोड्या लोकांना हे जमतं. त्यांच्या कचेरीत एक जागा गेले आठ महिने रिकामी होती, अशा माणसाअभावी.

ती उठली, खिडकी उघडली, परत बसली. मग खिडकी लावून घेतली.

"चहा टाकू का गं?" तो दारात आला होता. हातात कापायची सुरी, खांद्यावर टॉवेल.

"टाक." मग पडद्याकडे बघतच ती म्हणाली, "तुझ्या गाण्यांच्या नोंदी बदलल्यास का रे?"

"नोंदी? कुठल्या?"

"हेच. सकाळी, गाडीत वगैरे."

"हां, त्या." त्यानं टॉवेलला सुरी पुसली. ती कोरडीच होती. "ताईनं केलं असेल काहीतरी. आली होती ना माझ्याकडे राहायला. तिला रिकामं बसवत नाही, माहितीय तुला."

"हो का."

"का, बिघडलं काही?"

"छे. छान झालंय."

"बघ हां," तो हसला. "काना-मात्रा मॅडमनी कानाडोळा करायचं ठरलंय."

"केलाय की."

तो आत गेला. चहाचं पातेलं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, पण गॅस पेटवल्याचा बराच वेळ आला नाही. गॅलरीचं दार मात्र उघडलं.

तिनं फोन घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. हे करणं अटीत बसतं की नाही याचा तिनं थोडा विचार केला. मग नणंदेला लिहिलं: 'ताई, ह्यांच्या गाण्यांच्या नोंदी तुम्ही नीट केल्यात ना? आज बघितल्या. सुंदर काम.'

चार मिनिटांनी उत्तर आलं: 'हो ग मिच केल्या. तीकडे दुपारि वेळ जात न्हवता.' खाली एक हसरा चेहरा.

तिनं तो मेसेज तीनदा वाचला. मेसेजमध्ये माणूस कसंही लिहितो, घाईत वेलांटी इकडची तिकडे होते, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. 'मिच'ला तिनं घाईचा फायदा दिला. 'तीकडे' आणि 'दुपारि'लाही दिला. 'न्हवता'ला देता येईना. ते अक्षर घाईनं उलटं होत नाही, ज्याच्या कानाला ते तसंच ऐकू येतं तोच तसं लिहितो.

ताईंवर तिला राग आला नाही. भावासाठी बिचाऱ्यांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला होता, आणि त्यासाठी नेमका विषय मिळाला होता शुद्धलेखनाचा. एरवी तिला हसूच आलं असतं. तिनं फोन पालथा ठेवला.

चार वाजून सहा मिनिटांनी प्रोग्रॅमनं काम संपवलं आणि एक चौकट समोर आणली. ४१२ गाण्यांसाठी कुठली नोंद ठेवायची? डावीकडची, उजवीकडची, की नंतर ठरवायचं?

ती चौकटीकडे बघत राहिली. तेवीस वर्षांच्या नोकरीत बरोबर अक्षर समोर असताना तिनं चुकीचं कधी ठेवलं नव्हतं.

तो चहाचे दोन कप घेऊन आला. बूट घातलेले होते.

"झालं?"

"झालंच. एवढं सांग. कुठल्या ठेवू?"

तो तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून वाकला. रकाने त्यानं खरोखर वाचले, घाई न करता. ओठ हलत होते. डावीकडची ओळ, उजवीकडची ओळ, मग खालची. मध्येच एका नोंदीवर तो स्वतःशीच हसला. नोंदीतली गंमत त्याला आठवली होती. वीसेक ओळी झाल्यावर तो सरळ झाला.

"दोन्ही सारख्याच आहेत की," तो म्हणाला.

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर लपवण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्याला फरक दिसलाच नव्हता.

"नाहीत का?" त्यानं विचारलं. "काय वेगळं आहे?"

अट मोडायला एवढं एकच वाक्य पुरेसं होतं. ते तिच्या जिभेवर आलंही.

"चहा गार होतोय," ती म्हणाली.

"मग ठेव कुठल्याही. मला चालतील."

तिनं 'नंतर ठरवू'वर क्लिक केलं. त्याच्याकडच्या चारशे बारा गाण्यांच्या फायली एका वेगळ्या फोल्डरमध्ये उतरल्या. मग त्यानं केबल काढली, लॅपटॉप मिटून पिशवीत घातला, उभ्याउभ्या चहा संपवला.

"सातपर्यंत येतो. येताना काही आणू?"

"नको."

"बघ, पुन्हा फोन करशील."

"नाही करणार."

चार वाजून एकोणीस मिनिटांनी दार लागलं. लिफ्ट खाली गेली.

तिनं कप धुऊन ठेवले. मग परत येऊन तो फोल्डर उघडला आणि नोंदी, शेवटचा बदल केव्हा झाला त्या क्रमानं लावल्या. ताई त्याच्याकडे आठ दिवस राहिल्या होत्या. दुरुस्त्या अकरा रविवारांत झाल्या होत्या. दर रविवारी सकाळी दहा ते बारा. पहिल्या रविवारी नव्वद, मग सत्तर, मग कमी कमी, हात बसल्यावर वाढायच्या त्याऐवजी, काम पुरवून पुरवून केल्यासारख्या.

शेवटच्या रविवारी एकच होती. डावीकडे 'घरि ऐकायचि' होतं. उजवीकडे कुणीतरी 'घरी ऐकायची' केलं होतं. वेळ अकरा वाजून चार मिनिटं. त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, तो दोन बॅगा घेऊन आला होता.

पाच वाजून दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला, 'लॅपटॉप जमा केला. निगतोय.' त्या वेळी कॉम्प्युटरवर चारशे बारा गाणी दोनदा होती.