मधोमध

"पिन लावायचीच नाही, आई. नुसता वर ठेवायचा."

लेकीने टेबलावर बशीएवढी एक काळी चकती ठेवली, तिची वायर भिंतीत खोचली आणि आईचा फोन वर ठेवला. चकतीच्या कडेला हिरवा दिवा लागला. टेलरकाकूंनी फोन उचलला, दिवा गेला. परत ठेवला, परत आला.

"म्हणजे हवेतनं होतं चार्जिंग?" खाटेवरून काकांनी विचारलं.

"तसंच समजा, बाबा."

"आमच्या लिफ्टला असलं काही निघालं असतं तर मी जन्मभर स्टुलावर बसून पगार खाल्ला असता."

"मग काय उभ्यानं खाल्लात?" काकू म्हणाल्या.

काकांनी एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवली होती. वर आणि खाली यांत त्यांचा जन्म गेला. काकूंचा जन्म गेला शिलाई मशीनवर. अख्ख्या गल्लीचे कपडे त्यांच्या हाताखालून गेले, म्हणून लहानथोर सगळे त्यांना टेलरकाकूच म्हणत. त्या कामाने पोट भरलं आणि बोटं खाल्ली. कात्री धरून धरून उजव्या हाताची बोटं आतल्या बाजूला वळली होती, सांधे सुजले होते. सुईत दोरा अजून एका दमात जायचा, पण फोनची ती एवढीशी पिन एवढ्याशा भोकात दाबून बसवायची म्हटलं की डोळ्यांत पाणी यायचं. दाबायलाच जोर नव्हता. मग शेजारीपाजारी कुणीतरी सापडेपर्यंत फोन मेलेला पडायचा. लेक परगावी नोकरीला, तिचा फोन लागला नाही की जीव टांगणीला लागायचा. म्हणून ही चकती.

सोय झाली यात शंकाच नाही, पण त्या सोयीची नाटकंही होती. फोन बरोबर मधोमध बसला तरच दिवा लागायचा, बोटभर सरकला की चकतीचा संप. फोन गरम व्हायचा. आणि तो हिरवा दिवा नेमका काकांच्या डोळ्यांसमोर. "पोलीस चौकीत झोपल्यासारखं वाटतं," ते म्हणायचे.

"खोळ शिवते तिला," काकूंनी ठरवून टाकलं.

यात नवल काहीच नव्हतं. त्या घरात खोळ नाही अशी वस्तू शोधावी लागली असती. मिक्सरला खोळ, पंख्याला खोळ, टीव्हीच्या रिमोटला बटणं दिसतील अशी खिडकी ठेवून खोळ. वस्तू झाकली की टिकते, हा काकूंचा धर्म होता. काका पाहुण्यांना सांगायचे, "हिच्यापुढं फार वेळ स्वस्थ बसू नका, माप घेईल. मी हलत राहतो म्हणून वाचलोय."

पण खोळ व्हायच्या आत काकांची छाती दुखली आणि त्यांना हॉस्पिटलात हलवावं लागलं.

पुरुषांच्या वॉर्डात बायकांना बसू देत नसत, भेटायच्या वेळेपुरतंच आत. बाकी वेळ काकू बाहेरच्या बाकावर. हात रिकामे राहिले की मनात नाही नाही ते येतं, म्हणून त्यांनी पिशवीतून पडद्याचं उरलेलं कापड काढलं आणि खोळ शिवायला घेतली. माप डोळ्यांतच होतं. फोन तापतो म्हणून आत फोमचे दोन थर घातले, कडेला पायपिंग लावलं. फोन मधोमध ठेवायचा म्हणून वरच्या बाजूला लाल दोऱ्याने बारीक टाक्यांचा एक गोल काढला. आंधळ्यानंही ठेवावा असा नेमका गोल.

भेटायच्या वेळी त्यांनी ती काकांना दाखवली.

"झाली?" काकांनी नळीतून श्वास घेत विचारलं. "आता माझी पाळी वाटतं."

"काहीतरीच बोलता."

डॉक्टर म्हणाले होते, आज बरं आहे, घरी जाऊन थोडा वेळ पडा. सिस्टरनेही दटावलं, तुम्ही आजारी पडलात तर त्यांच्याकडे कोण बघेल. काकूंनी काकांच्या पायावरची चादर सारखी केली. "जाऊन येते. फोन जवळच असतो माझ्या. काही वाटलं तर सिस्टरना सांगा, लगेच येते."

"ये," काका म्हणाले. "मी कुठं जातोय."

घरी आल्या तेव्हा फोन शेवटच्या घटका मोजत होता. काकूंनी चकतीला खोळ चढवली. अगदी अंगासरशी बसली. लाल गोलात, बरोबर मधोमध फोन ठेवला. दिवा झाकला गेला म्हणून बरंच वाटलं. उशाशी टेबल ओढून त्या आडव्या झाल्या आणि कित्येक दिवसांनी त्यांचा डोळ्याला डोळा लागला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. फोन काही वाजला नव्हता, म्हणजे सगळं ठीक होतं. त्यांनी चहा घेतला, काकांसाठी मऊ भात डब्यात भरला. फोन पिशवीत टाकला. तो काळाच होता, पण फोन नुसता पडलेला असला की काळाच असतो.

वॉर्डाच्या दारात सिस्टर उभी होती. तिने काकूंचा हात धरला.

"किती फोन लावले हो तुम्हाला. बंद येत होता."

काकांची खाट पडद्याने झाकली होती. पडद्याआड काकांवर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर होती. तिची एका बाजूची शिवण उसवलेली होती. काकूंना दुसरं काही दिसेना. त्या तिथेच उभ्या राहिल्या, हातात डबा तसाच.

लेक घरी येईपर्यंत दिवे लागले होते. ती दारातून आत आली, आईच्या गळ्यात पडली, आणि काकूंनी तिला बाजूला सारलं.

"तुझ्या त्या यंत्रानं घात केला," त्या म्हणाल्या. घरात शेजारीपाजारी होते, काकांचे दोन जुने सोबती होते. सगळ्यांदेखत म्हणाल्या. "साधी पिन होती तेच बरं होतं. कुणाकडून तरी लावून घेतली असती मी. फोन त्याच्यावरच होता, आणि मेला. तुझे बाबा तिकडे वाट बघत गेले."

 लेक टेबलाकडे गेली. चकतीवर खोळ होती. तिने बोटाने खोळ दाबून पाहिली, मग तो लाल गोल पाहिला. 

"हो," ती पाठमोरीच म्हणाली. "माझंच चुकलं, आई. खराब निघाली ही. नीट बघून आणायला हवी होती."

तिने खोळ काढून घडी केली, चकती गुंडाळली आणि दोन्ही कपाटाच्या खालच्या खणात टाकली. "आता हे लावू नकोस परत. वायरच वापर." जाईपर्यंत ती रोज स्वतः पिन लावून देत होती. मायलेकी कामापुरतं बोलत होत्या. निघताना लेक आईच्या पाया पडली, तेव्हा काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण मन काही त्या हातात उतरलं नाही.

माणसं पांगली. घर मोठं झालं. फोनची बॅटरी उतरत आली तशी काकूंनी पिन हातात घेतली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा सांध्यातून अशी कळ गेली की पिन हातातून गळून पडली. शेजारची दारं सगळी बंद, सगळे कामावर. खराब तर खराब, म्हणत त्यांनी खण उघडला आणि चकती भिंतीला लावली.

फोन ठेवला. हिरवा दिवा लागला.

काकूंना वाटलं, मधूनच चालत असेल. त्यांनी फोन उचलून पुन्हा ठेवला. दिवा लागला. कितीही वेळा ठेवला तरी लागला. मग त्यांची नजर खणातल्या घडीकडे गेली. त्यांनी खोळ चढवली, कड वर दुमडून दिवा उघडा ठेवला आणि लाल गोलाच्या मधोमध फोन टेकवला.

दिवा लागला नाही.

फोमचे दोन थर त्यांनी बोटांनी चाचपले. लेकीने असेच चाचपले होते. तिला तेव्हाच कळलं होतं, घरभर माणसं असताना, आणि आईच्या वाट्याचं तिने मुकाट्याने आपल्या अंगावर घेतलं होतं. काकूंना स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती. त्यांनी खोळ ओढून काढली, फोन चकतीवर ठेवला आणि तसाच, स्पीकरवर, लेकीला लावला.

"जेवलीस का?" लेकीने विचारलं. "पिन जमते का गं?"

"चकती चांगली आहे," काकू म्हणाल्या. "लावून बघितली मी. माझी खोळ जाड होती."

काकू फोनवर आणखी वाकल्या.

"तुला माहीत होतं."

"जाऊ दे ना, आई."

"चारचौघांत बोलले मी तुला. माझ्या हातनं झालेलं तुझ्या माथी मारलं. चुकले गं मी."

लेक रडत होती. तिला सावरायला वेळ लागला. मग म्हणाली, "तुझा लागेना म्हणून सिस्टरनी मला लावला होता. बाबांच्या कानाशी धरला. मी म्हटलं, बाबा, आई येतेय. तर म्हणाले, झोपली असेल. झोपू दे तिला."

"असं म्हणाले?"

"हो."

फोन ठेवल्यावरही काकूंच्या मनात तेच घोळत राहिलं. काका असं म्हणालेही असतील. किंवा उघड्या पडलेल्या आईवर लेकीने घातलेली ही आणखी एक खोळ असेल. विचारायचं कसं, आणि विचारून करायचं काय. लेक सांगतेय ना, मग ते खरं.

त्यांनी मशीनच्या खणातून ब्लेड घेतलं आणि खोळ मांडीवर ओढली. पायपिंग उसवलं, फोम बाहेर काढला. लाल गोल शेवटी घेतला, एकेक टाका करून, कापडाला इजा न होता. दोरा पुरता निघाला. काकूंनी कापड तळहाताने सपाट केलं, नखाने घासलं, उजेडाकडे धरलं. सुईची भोकं तशीच होती, गोल.