पाय कापून घेतलेला बाक

मी बाक बोलतोय. लगेच बसायला येऊ नका. बसायचा बाक वेगळा, तो बागेत असतो आणि त्याला दिवसभर काही उद्योग नसतो. मी सुतारकामाचा बाक. माझ्या जबड्यात, म्हणजे वाईसमध्ये, लाकूड आवळायचं आणि मग करवत, रंधा, पटाशी, जे चालवायचं ते चालवायचं. असा माझा कष्टाचा जन्म, पण सुरुवातीचे किती तरी महिने मी दुकानाच्या काचेमागे नुसता उभा होतो. रिकामपण मला सोसत नाही. अंगावर एक ओरखडा नाही म्हणून लोक कौतुक करायचे आणि मी मनात चरफडायचो.

मी कारखान्यात जन्मलो. फळ्या एकाने कापल्या, पाय दुसऱ्याने, सरस लावून दाबलं यंत्राने. तेव्हा माझा बाप कोण ते मला विचारू नका. माझी उंचीही तिथेच ठरली. आम्हा सगळ्या भावंडांचे पाय एकाच मापाने कापले गेले. ज्याच्या कुणाच्या मापाने कापले, तो चांगला ताडमाड असणार.

दुकानात माझ्यावर काय नाही ठेवलं! रंगाचे डबे, मालकाचा चष्मा, त्याचा जेवणाचा डबा. गिऱ्हाईक आलं की तो हे सगळं झटकन उचलायचा आणि माझ्या पाठीवर थाप मारायचा. "दगड आहे दगड!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग गिऱ्हाईकही थाप मारायचं. माणसं बाक निवडतात तरी कसा? कलिंगडासारखा वाजवून बघतात. एक जण चक्क वर चढून बसला. एक बाई म्हणाल्या, "इस्त्रीला बरा पडेल." त्या गेल्यावरही कितीतरी वेळ माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आणि एके दिवशी ते दोघं आले. बाप आणि लेक.

बाप उंच, वाळलेला, उजवा हात सारखा थरथरणारा. लेक त्याच्या खांद्याच्याही खाली. बाप तिला हाक मारायचा तीच मुळी "बुटके" म्हणून. दोघांच्या बोलण्यातून मला कळलं ते असं, की यांचा खुर्च्या-टेबलांचा छोटा कारखाना, बापाने स्वतः केलेला जुना बाक वाळवीने खाल्ला, हात थरथरायला लागल्यापासून काम सगळं लेक करते आणि आता हातातल्या खुर्च्या बाजूला ठेवून नवा बाक करत बसायला तिला सवड नाही. म्हणून तयार बाक.

"सुताराने तयार बाक विकत घ्यायचा," बाप पुटपुटला. "म्हणजे न्हाव्याने दुसऱ्याकडून हजामत करून घेतल्यासारखं."

"न्हावी दुसऱ्याकडूनच करून घेतो, बाबा," लेक म्हणाली. "स्वतःची मागची बाजू कुणाला दिसते?"

मला ती तिथेच आवडली.

दुकानात विकायला आम्ही दोघंच होतो. मी, आणि शेजारचा कप्पेवाला. तो माझ्याहून बुटका, हलका, खाली तीन कप्पे, दिसायला गोड. बाप आधी त्याच्याकडे गेला, कोपऱ्याला बोट लावून हलवलं आणि "खेळणं आहे," म्हणून माझ्याकडे वळला. मग माझी जी तपासणी झाली, तशी आजवर कुणी केली नव्हती. एक डोळा मिटून त्याने माझी पाठ या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. वाईसमध्ये कागदाचा कपटा धरून ओढून पाहिला. खाली वाकून सांधे चाचपले. आणि शेवटी सरळ उभा राहून त्याने हात खाली सोडले. तळहात अलगद माझ्या पाठीवर टेकला. सुतार बाकाची उंची अशीच बघतात. टेपपट्टी लागत नाही.

"हाच," तो म्हणाला. "देवाने माझ्यासाठीच करून पाठवलाय."

लेक माझ्याजवळ येऊन उभी राहिली तेव्हा तिचं कोपर माझ्या काठाला टेकलं. तळहात नाही, कोपर.

"बाबा, उंची," ती म्हणाली.

"अगं, बरोबर हाताखाली येतोय की."

"तुमच्या हाताखाली."

बापाने जणू ऐकलंच नाही. तिने पिशवीतून रंधा आणि एक फळकूट काढलं आणि आधी कप्पेवाल्यावर लावून जोरात रंधा रेटला. कप्पेवाला फळकुटासकट भिंतीकडे चालायला लागला. "ताई, दुकानात रंधा नका मारू हो!" मालक ओरडला. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तेच फळकूट माझ्या वाईसमध्ये आवळलं. रंधा माझ्यावरून गेला आणि मी तसूभर हललो नाही. पण तिचे खांदे कानापर्यंत वर आले होते. अंगाचा भार रंध्यावर पडेचना, सगळा जोर नुसता दंडांचा. चार हात मारले आणि ती थांबली. इतक्या महिन्यांनी मला काम मिळालं होतं आणि ज्या हातांनी ते दिलं त्यांनाच मी दुखवत होतो.

"सोपं आहे," मालक म्हणाला. "खाली एक फळी टाका, वर उभ्या राहा."

"तेच म्हणतो मी," बाप म्हणाला. "आपल्याकडे ती फळी आहेच."

"आहेच ना," लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण रंधा तिने माझ्यावर जरा आपटूनच ठेवला. "दहा वर्षांची असताना तुम्ही घातलीत ती फळी. अजून तिच्यावरच उभी आहे मी. मागे सरकले की पाय खाली पडतो, बाजूला वळले की पाय खाली पडतो. काम सगळं मी करायचं आणि उभं राहायचं पाहुणीसारखं. बाबा, हा बाक कुणासाठी घेतोय आपण?"

बापाचा हात माझ्यावरच होता आणि त्याची थरथर माझ्या पार पायांपर्यंत पोचत होती. म्हाताऱ्याचं काय झालं असेल ते मला कळत होतं. आपलं माप आपलं राहिलं नाही, हे कुणाला भर दुकानात ऐकावंसं वाटेल?

मग तो म्हणाला, "हात खाली सोड."

"काय?"

"हात सोड गं खाली. सरळ उभी राहा."

तिचा तळहात माझ्या पायाशेजारी जिथे आला, तिथे बापाने गुडघे टेकून पेन्सिलीने खूण केली. रेघ नागमोडी आली. "अहो काका, अजून बिल व्हायचंय!" मालक कळवळला. "मग करा की," बाप म्हणाला. "आणि हमाल बोलवा."

त्यांच्या कारखान्यात मला उलटा पाडला. चार पाय आकाशाकडे करून मी वाट बघत होतो, आणि खरं सांगतो, मी घाबरलो होतो. करवत बापाने हातात घेतली. दात रेघेवर टेकले, घसरले, पुन्हा टेकले, पुन्हा घसरले. लेक मध्ये पडली नाही. तिसऱ्यांदा घसरल्यावर त्याने करवत तिच्याकडे दिली. "तूच काप. एक पाय जरी कमीजास्त झाला तरी जन्मभर डुलेल." मग माझा एकेक पाय त्याने दोन्ही हातांनी दाबून धरला आणि तिने कापला. दुखलं. पण सरळ झाल्यावर तिने माझ्यावर रंधा मारला, आणि पहिल्यांदाच तिचं सगळं वजन माझ्यावर आलं.

आता माझ्या अंगावर ओरखड्यांना तोटा नाही. करवतीचे वण, सरसाचे डाग, पटाशीचा एक खोल घाव. बाप अधूनमधून येऊन वाकतो, "फार खाली आहे बुवा हा," म्हणून कंबर धरतो आणि स्टुलावर जाऊन बसतो. तिच्या कामातल्या चुका तिथून काढतो. बहुतेक वेळा त्या चुका नसतातच.

तुम्ही कधी बाक घ्यायला गेलात तर एवढंच करा. थापा मारू नका, वाजवू नका. त्याच्यापाशी रोज उभं कोण राहणार ते आधी ठरवा आणि त्या माणसाला सोबत न्या.

परवा एक नवं गिऱ्हाईक आलं. म्हाताऱ्याला पाहून थेट स्टुलापाशी गेलं आणि म्हणालं, "मिस्त्री, बारा खुर्च्या हव्या होत्या."

बापाने थरथरतं बोट माझ्याकडे केलं. "मिस्त्री ती," तो म्हणाला. "मी मिस्त्रींचा बाप."

रंधा मध्येच थांबला. लेकीने मान वर केली नाही, माझ्या काठाला मात्र घट्ट धरून ठेवलं. मग गिऱ्हाईकाकडे वळून तिने विचारलं, "बसणारे कोण आहेत? उंची सांगा."