शुक्रवारचा लाल दिवा

"मामा, उठा बघू जरा. स्क्रीन इथंच लावायचीय, तुमच्या डोक्यावर."

दौलतमामा उठले, पण खुर्ची काही सोडली नाही. तिची पाठ धरून उभे राहिले. "आनी मी कुटं बसू?"

उत्तर मला ठाऊक होतं. धनेश साहेबांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं, "विनिता, तुझी सिस्टीम महिनाभर नीट चालली की दौलतला गेटवर टाकू." रिटायरमेंटला आठ महिने राहिलेला माणूस, गुडघे गेलेले, आणि गेट म्हणजे दिवसभर उभं राहणं. मी आपली ड्रिल चालवत राहिले.

दापोड्यातलं हे गोदाम मामांच्याच भातशेतीवर उभं आहे. जमीन देताना त्यांच्या वडिलांनी अट घातली होती, घरातल्या एकाला इथं काम. मामा आधी पहाऱ्याला होते, मग अकरा वर्षांपूर्वी सर्व्हर आला तेव्हा "यावर लक्ष ठेव" म्हणून या गार खोलीत बसवलं. शिक्षण सातवी. कुणीतरी त्यांना कॉम्प्युटरवरचा एक आकडा दाखवून ठेवला होता: या घडीला डेटाबेसला किती जण जोडलेले आहेत. रोज अकरा वाजता तो आकडा ते वहीत उतरवत आणि पुढे शेरा मारत. 'सोमवार. अडुसष्ट. बरा हाय.' घरातल्या आजाऱ्याबद्दल लिहावं तसं. पहिल्या आठवड्यात मी त्या वहीला खूप हसले. आता लाज वाटते.

माझी सिस्टीम एसएनएमपीवर, म्हणजे यंत्रांची तब्येत विचारायच्या पद्धतीवर, चालायची. मी मामांना सोपं करून सांगितलं, "दर पाच मिनिटांनी एक यंत्र सर्व्हरला विचारतं, कसा आहेस? डिस्क किती भरली, किती जण जोडलेत, कुणाचं काम अडकलंय का? तो आकड्यांत उत्तर देतो. आकडा हद्दीबाहेर गेला की स्क्रीन लाल, कोपऱ्यात दिवा लुकलुकणार, आणि माझ्या मोबाईलवर मेसेज."

"रोजच्या रोज? जेवनाच्या टायमाला पन?"

"चोवीस तास."

"मंग माझ्यापरीस बराच हाय," मामा म्हणाले, आणि अकरा वाजले होते म्हणून वही उघडून बसले.

तीन आठवडे स्क्रीन हिरवीगार होती. साहेब खूश. चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, मी चहा पीत होते तेव्हा मामा दारात आले.

"पोरी, आज कंचा वार हाय?"

"गुरुवार. का?"

"मंग हा गप का? नऊच जन हायत. गुरवारी सत्तरच्या खाली कदी आला न्हाय."

मी स्क्रीन बघितली. हिरवी. "मामा, कमी लोड म्हणजे चांगलंच की. सर्व्हर आरामात आहे."

"शुक्रवारी नऊ बरोबर. निजामपुऱ्यातलं कापड इननारं लूम त्या दिशी बंद, कापडाच्या गाड्या येत न्हाईत. आज लूम चालू हायत. मंग गाड्या गेल्या कुटं?"

मी सेटिंग उघडून बघितलं. मी हद्द फक्त वरची घातली होती. आकडा वाढला तर बोंब मारायची. कमी झाला तर काय, हे मी यंत्राला शिकवलंच नव्हतं.

गेटवर धावले. टेम्पोंची रांग पार नाक्यापर्यंत गेली होती. उंदरांनी केबल कुरतडलेली, गाड्यांच्या एंट्रीचे सगळे कॉम्प्युटर बंद, आणि गेटवरचा क्लार्क निवांत बसलेला.

"अरे, फोन क्यों नहीं किया?"

"मॅडम, आपने ही तो बोला था. अब फोन मत करो, सब स्क्रीन पे दिखता है."

कप्पाळ माझं! दोन तासांनी केबल बदलून परत आले तेव्हा मामा त्यांच्या जागी बसले होते. मी म्हटलं, "मामा, आज तुम्ही वाचवलंत. मला कळलंच नाही."

"कललं नसतंच," ते म्हणाले. "आमची घरवाली हौसा बी अशीच गेली. बोंबलनारी बाय, चार दिस गप झाली. मना वाटलं, चला, बरं वाटतंय तिला." मग वही मिटून म्हणाले, "कुनी गप झालं की इचारावं."

मी साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी मामांची खुर्ची राहील. साहेब म्हणाले, "वा! मग तेही सिस्टीममध्ये टाक."

टाकलं. मीच, माझ्या हाताने. मामांच्या वहीवरून वार बघत बघत अकराच्या आकड्याला खालची हद्द घातली. त्यांचंच शहाणपण घेऊन मी त्यांना बाहेर काढलं, आणि एक तारखेला ते गेटवर गेले. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवली. खुर्ची मात्र मी भांडून त्यांच्यासोबत पाठवली.

फक्त शुक्रवार मी वेगळा घातला नाही; त्या दिवशीही इतर वारांचीच हद्द. दर शुक्रवारी अकराच्या सुमाराला स्क्रीन लाल व्हायची आणि मी गेटवर फोन लावायची.

"मामा, लाल झालंय."

"किती?"

"नऊ."

"लूम बंद हायत. बरोबर हाय. बंद कर."

साहेबांनी दोनदा विचारलं, हे दुरुस्त का होत नाही? मी म्हटलं, माणसाला खात्री करावी लागते. खोटं नव्हतं ते.

गेल्या महिन्यात मामा रिटायर झाले. नारळ, शाल, फोटो. पुढच्या शुक्रवारी स्क्रीन लाल झाली आणि मी सवयीने गेटचा नंबर लावला.

"हां, कौन?" नवा आवाज.

मी फोन ठेवला. दिवा तसाच लुकलुकत होता. मग मामांची वही काढली आणि त्यांच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं: 'शुक्रवार. नऊ. लूम बंद. बरोबर हाय.'

आणि दिवा बंद केला.